आमच्या पाहुण्याच की

"चहा ठेवलाय," हौसाबाई म्हणाल्या.

मी वांजिरूकडे वळून इंग्रजीत सांगितलं, चहा ठेवला आहे. वांजिरू हसली नाही. येताना गाडीत मात्र ती एवढी हसली होती की ड्रायव्हरनं आरशातून मागं पाहिलं. तिच्या केनियात लाच मागणारा पोलीस 'चहाचं बघा काहीतरी' म्हणतो, असं तिनं सांगितलं, आणि आमच्याकडेही चहापाणीच म्हणतात, असं मी म्हटलं, त्यावर. आता तिच्या चेहऱ्यावर त्यातलं काही उरलं नव्हतं.

"आपल्याला चालत नाही म्हणून सांग."

"आम्हाला चालत नाही, मावशी."

"साखर चालत न्हाई?"

"चहाच. उमेदवाराच्या घरी काही खायचं-प्यायचं नाही, असा नियम आहे."

हौसाबाईंनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग वांजिरूकडे, मग तिच्या पायाशी ठेवलेल्या, तिनं स्वतः आणलेल्या पाण्याच्या बाटलीकडे.

"माझा पोरगा खात न्हाई म्हणून त्याला बक्षीस देणार," त्या म्हणाल्या, "आणि देणाऱ्याबी खाईनात. मग खातंय कोण?"

प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसलेल्या पोरानं मान खाली घातली. पोरगा म्हणजे श्रीरंग मोरबाळे, वय चाळिशीच्या पुढं, इस्त्रीचा पांढरा शर्ट. मला तो शर्ट आवडला नाही. आमच्यासाठी घातलेला वाटत होता.

*

नियम : दुभाष्यानं बोलणाऱ्याच्या तोंडानं बोलावं. 'तो म्हणतो' असं म्हणू नये.

म्हणजे तो 'मी' म्हणाला की मीही 'मी' म्हणायचं. त्या दिवशी दुपारभर मी इंग्रजीत सांगत होते : मी वैधमापन निरीक्षक आहे, वजनकाटे तपासतो. सध्या निलंबित आहे. मी साखर कारखान्याच्या काट्याला सील ठोकलं.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. तेव्हा मी पुण्यात राहून मिळेल ते दुभाष्याचं काम करत होते, आणि 'सचोटी सन्मान' देणाऱ्या त्या परदेशी संस्थेनं मला त्या हंगामापुरतं घेतलं होतं. जगभरातून नावं यायची. भ्रष्टाचाराच्या आड आलेली, त्यापायी काही ना काही गमावलेली माणसं. त्यातली मोजकी नावं पुढं जायची आणि त्या प्रत्येकाच्या दारात पडताळणीला कुणीतरी पाठवलं जायचं. वांजिरू त्यासाठी आली होती. सरकारी हिशेब तपासण्यात तिची उमर गेली होती. तिचं एक वाक्य मला पहिल्याच दिवशी ऐकावं लागलं : "वाईट माणूस चांगला आहे की नाही हे मी बघत नाही. चांगला माणूस चांगला आहे की नाही, ते बघते. ते जास्त अवघड असतं."

"काट्याचं सांगा," वांजिरू म्हणाली. तिनं रेकॉर्डर चालू करून स्टुलावर ठेवला.

"उसाची गाडी कारखान्यात गेली की आधी काट्यावर जाते," मी म्हणाले. म्हणजे श्रीरंग म्हणाला. "काटा मारतात हे सगळ्यांना माहीत असतं. गाडीमागं थोडं थोडं वजन कमी दाखवायचं. शेतकरी ओरडतो, पण सिद्ध कसं करणार? मी तपासायला गेलो की काटा बरोबर. मी वळलो की पुन्हा तेच. मग मी एका ट्रॉलीत सरकारी वजनं भरली, वरून ऊस रचला, आणि ती ट्रॉली रांगेत लावली. ट्रॅक्टर चालवायला गावातलाच माणूस. काट्यानं नेहमीसारखं कमी दाखवलं. मी रांगेतून पुढं आलो आणि सील ठोकलं."

"काट्याची जबाबदारी कुणाकडे होती?"

"एका संचालकाकडे. संग्रामराव." तो थांबला. "माझे दाजी."

'दाजी' शब्दाशी मी अडखळले आणि 'माझ्या बहिणीचा नवरा' म्हणाले. वांजिरू खुर्चीत पुढं सरकली.

"सील ठोकताना तुम्हाला हे माहीत होतं?"

"काटा कुणाचा आहे ते गावातल्या कुत्र्यालापण माहीत असतं."

"त्यांच्याशी आधीपासून भांडण होतं का? जमिनीचं? लग्नातल्या देण्याघेण्याचं?"

श्रीरंग तिच्याकडे पाहत राहिला. मी प्रश्न मराठीत सांगितला, कारण सांगणं माझं काम होतं; पण त्याला तो इंग्रजीतच कळला होता हे मला दिसलं. इंग्रजी त्याला येत होतं. मग तो मराठीत का बोलत होता? मला मध्ये ठेवून विचार करायला वेळ मिळावा म्हणून? असं मला वाटलं, आणि वांजिरूलाही तसंच वाटलं असणार, कारण तिनं माझं बोलून व्हायची वाट न बघता त्याच्याकडे बघायला सुरुवात केली होती.

"भांडण सीलनंतर," तो म्हणाला. "त्याआधी दाजींच्या गाडीवरनं फिरायचो मी."

"लई जवळचे हुते," आतल्या दारातून हौसाबाई म्हणाल्या. "आता शालन उंबऱ्यावर येत न्हाई. भाऊबीजेला मी ताट करतो आणि झाकून ठेवतो."

कोल्हापूरकडच्या बायका 'मी करतो', 'मी आलो' असंच बोलतात. इंग्रजीत ते काहीच उरत नाही. शालन कोण हेही मला वेगळं सांगावं लागलं. यांची मुलगी, याची बहीण, संग्रामरावांची बायको.

वांजिरूनं विचारलं, "हा सन्मान मिळाला तर तुमचं काय बदलेल?"

श्रीरंगनं शर्टाची बाही सारखी केली. "सील ठोकल्यावर पंधरवड्यात एका व्यापाऱ्यानं तक्रार केली, मी लाच मागितली म्हणून. मी त्याला कधी बघितलेलंसुद्धा नाही. निलंबन झालं. आता चौकशी लागली आहे. तिथं मला बोलू देतील असं वाटत नाही, कागदावरच संपवतील. माझं नाव बाहेर, चारचौघांत गेलं तर निदान बोलू देतील. एवढंच."

"म्हणजे तुम्हाला सन्मान हवा आहे."

"हवा आहे," तो म्हणाला. मी म्हणाले.

*

नियम : उमेदवार आणि निवडीशी संबंधित कोणतीही व्यक्ती (मंडळाचे सदस्य, पडताळणी करणारे, दुभाषी) यांच्यात रक्ताचं किंवा लग्नाचं नातं नसावं. नातं आढळल्यास उमेदवाराचं नाव वगळण्यात येईल.

यावर मी पुण्यातच सही केली होती. मोरबाळे आडनावाचं माझ्या ओळखीत कुणी नव्हतं. हा नियम उमेदवारालाही मराठी करून पाठवत असत.

"तुमचं आडनाव काय म्हणायचं?" हौसाबाईंनी विचारलं. त्या आता आतून बाहेर येऊन खांबाला टेकल्या होत्या.

"सरनोबत."

"काय विचारतेय?" वांजिरू.

"माझं आडनाव."

"कशाला?"

"इथं विचारतात."

"कुठलं सरनोबत म्हणायचं?"

"मी पुण्यातच वाढले, मावशी. वडील मूळचे खडकेवाडीचे."

"आता काय विचारलं?"

"माझं गाव."

वांजिरू रेकॉर्डरकडे बघत होती. त्यावरचा लाल ठिपका मलाही दिसत होता.

"खडकेवाडी," हौसाबाई म्हणाल्या. "वरल्या आळीचं का खालच्या?"

"ते मला नाही सांगता येणार."

त्या जवळ आल्या. माझ्या तोंडाकडे पाहिलं, पण डोळ्यांत नाही. जरा खाली, ओठांच्याही खाली कुठंतरी. मला वाटलं मला काही लागलंय, म्हणून मी हनुवटी पुसली. मग त्यांनी वांजिरूकडे बोट केलं.

"आणि यांचं आडनाव?"

"कामाऊ."

"कामत?"

"कामाऊ. त्या आफ्रिकेतल्या आहेत."

"असूदे," हौसाबाई म्हणाल्या, वांजिरूचा विषय त्यांच्यापुरता मिटला होता. मग माझ्याकडे वळून, मोठ्यानं, शेजारी ऐकेल एवढ्या मोठ्यानं म्हणाल्या : "मग तुम्ही आमच्या पाहुण्याच की."

"आई," श्रीरंग म्हणाला.

एवढंच.

*

पाहुणे.

पुण्यात पाहुणे म्हणजे घरी आलेले. दोन दिवस राहतात, गोड खातात, जातात. कोल्हापूर-सांगलीकडे पाहुणे म्हणजे सोयरे. मुलगी दिली, मुलगी केली, त्यातून जोडलेले लोक. ते घरी न येताही पाहुणेच असतात. आणि त्याच भागात एसटीत शेजारी बसलेल्या, नाव माहीत नसलेल्या माणसालाही म्हणतात, 'काय पाहुणं, कुठं निघालासा?' तिथं त्या शब्दाला काहीच अर्थ नसतो. नुसती हाक.

वांजिरू म्हणाली, "हं?"

'तुम्ही आमच्या पाहुण्या आहात,' असं म्हातारी म्हणते आहे. इंग्रजीत गेस्ट. कुठल्याही शब्दकोशात पहिला अर्थ तोच मिळेल. मला कुणी कधीही चूक म्हणू शकलं नसतं.

श्रीरंग माझ्याकडे बघत होता. विनंती नव्हती त्या बघण्यात, किंवा असेल तर मला वाचता आली नाही. मला एवढंच जाणवलं, की मी कुठला शब्द काढते ते त्याला ऐकायचं आहे आणि तो त्याला कळणार आहे.

मी जे सांगितलं ते मोठ्या सचोटीनं सांगितलं असं नाही. रेकॉर्डर चालू होता. तो पुढं कोण ऐकणार, त्याला कुठली मराठी येत असणार, हे मला माहीत नव्हतं. म्हातारी कुठल्या सुरात बोलली हेही त्यात आलं होतं. गाव विचारून, आळी विचारून, मग 'की' म्हणून.

मी सांगितलं, "दुभाषी ही आपली लग्नसंबंधातून नातेवाईक आहे, असं त्या म्हणतात."

मी माझ्याबद्दल 'ही' म्हणाले. शिवाय 'त्या म्हणतात' असंही म्हणाले, जे नियमात बसत नव्हतं.

वांजिरूनं हात पुढं करून रेकॉर्डर बंद केला. श्रीरंग उठला आणि इंग्रजीत म्हणाला, स्वच्छ इंग्रजीत, "पाणी तुमचं तुम्ही आणलंच आहे. गाडीपर्यंत येतो."

गाडीपर्यंत तो नाही आला, हौसाबाई आल्या. वांजिरू आत बसल्यावर त्यांनी माझं मनगट धरलं.

"अजून कोण येणार हाय का तुमच्यातलं?"

"नाही. एवढीच भेट होती."

"त्या बाईस्नी कळलं न्हवं, आपण पाहुणे हाय ते?"

"कळलं."

"बरं झालं," त्या म्हणाल्या.

*

"तिनं तुला लाच दिली," वांजिरू गाडीत म्हणाली. "लोक पाकीट देतात. तिनं एक आत्या देऊ केली."

"तिला वाटलं असेल, नातं निघालं तर मुलाला मदत होईल. साधी बाई आहे."

"साध्या बाईनं आपण आल्या आल्या तुझं आडनाव का नाही विचारलं? सगळं बोलून झाल्यावर का विचारलं? आणि त्याच्याकडे नियम आहेत. त्यानं तिला का नाही थांबवलं?"

"तो 'आई' म्हणाला."

"ते नंतर. नंतर थांबवण्याला थांबवणं म्हणत नाहीत."

बाहेर ऊस होता. दोन्ही बाजूंनी, उंच, तुऱ्यावर आलेला. एका वळणावर तो कारखाना दिसला आणि वांजिरूनं मान वळवून तो दिसेनासा होईपर्यंत बघितला.

"खरंच नातं आहे का?" तिनं विचारलं.

मी वडिलांना फोन लावला. तारळगावचे मोरबाळे आपले कोण, म्हणून विचारलं.

"तारळगाव?" वडील म्हणाले. "आपलं तिथं कोण नाही. थांब हां. नाही, ते वेगळे. असेलही बाबा कुणीतरी. हे सगळं बायकांना ठाऊक असतं. आई असती तर तिनं उभ्या उभ्या सांगितलं असतं." माझी आजी जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. "का गं? स्थळ आलंय का?"

"काय म्हणाले?"

"माहीत नाही म्हणाले."

"'हो' चालतं," वांजिरू म्हणाली. "'नाही' चालतं. 'माहीत नाही' हे सगळ्यात वाईट. ते निस्तरता येत नाही." थोड्या वेळानं तिनं विचारलं, "मला ते 'गेस्ट' म्हणून का नाही सांगितलंस? मला तो शब्द आधीच माहीत होता, विमानतळावर पाटी आहे. पाहुण्यांचं स्वागत."

मी तिच्याकडे पाहिलं. म्हणजे ती मलाही तपासत होती.

"तो अर्थ नव्हता म्हणून," मी म्हणाले.

तिनं डोळे मिटले. तिला पटलं की नाही ते मला कळलं नाही. तिच्या अहवालात 'नात्याची शक्यता' गेली, माझं नाव त्या हंगामातून गेलं, आणि श्रीरंग मोरबाळेचंही गेलं असं मी धरून चालले. पुण्यात येऊन मी एका औषध कंपनीच्या माहितीपत्रकांची भाषांतरं करायला लागले. तिथं शब्दांना एकच अर्थ असतो.

*

नियम, जो मला तेव्हा सांगितलेला नव्हता : प्रत्येक उमेदवाराकडे दोनदा जायचं. दुसऱ्या जोडीला पहिलीबद्दल आणि पहिलीला दुसरीबद्दल काही कळू द्यायचं नाही.

काही आठवड्यांनी संस्थेच्या कार्यालयातून फोन आला. बाईंनी स्वतःचं नाव सांगितलं नाही, फक्त हुद्दा.

"यास्मिन अत्तार यांना ओळखता?"

"नाही."

"मिरजेत राहतात. दुभाषी आहेत. तुमच्या नात्यातल्या?"

"नाही."

"कधी भेटलात, बोललात, एखाद्या कामात एकत्र होतात?"

"नाही. का?"

का, याचं उत्तर मिळालं नाही. त्यांनी विचारलं, "'पाहुणे' या शब्दाचे जेवढे अर्थ तुम्हाला माहीत आहेत तेवढे सांगा."

मी तिन्ही सांगितले. एसटीतला सांगताना पलीकडे कुणीतरी दुसरंही ऐकतंय असं वाटलं. मग त्या बाई म्हणाल्या, "म्हणजे अनोळखी माणसालाही म्हणतात?"

"म्हणतात. पण इथं गाव विचारून—"

"अनोळखी माणसाला म्हणतात का, एवढंच सांगा."

"म्हणतात."

फोन बंद झाला.

पुढचं मला वांजिरूकडून कळलं, सन्मान जाहीर झाल्यावर, जेव्हा तिला बोलायची मोकळीक होती. आमच्यानंतर महिन्याभरानं दुसरी जोडी तारळगावला गेली. एक नॉर्वेचा माणूस आणि दुभाषी म्हणून यास्मिन अत्तार. त्यांनीही चहा नाकारला. त्यांनीही काट्याचं विचारलं, दाजींचं विचारलं. आणि उठायच्या वेळी हौसाबाईंनी यास्मिनला आडनाव विचारलं, गाव विचारलं, आणि म्हणाल्या, "मग तुम्ही आमच्या पाहुण्याच की." यास्मिननंही ते 'नातेवाईक' म्हणूनच सांगितलं. तीही त्याच भागातली. तिलाही तो सूर कळला असणार.

दोन अहवाल समोरासमोर ठेवले तेव्हा कार्यालयात आधी गडबड उडाली. दोन्ही दुभाषी उमेदवाराच्या नातेवाईक? मग कुणाच्या तरी लक्षात आलं की एक पुण्याची सरनोबत, दुसरी मिरजेची अत्तार. दोघी एकाच म्हातारीच्या सोयऱ्या कशा असतील? दोघींना वेगवेगळा फोन करून शब्दाचा अर्थ विचारला. निवड मंडळ सात जणांचं होतं. त्यातला एकमेव भारतीय सदस्य त्या वेळी खोलीबाहेर बसला होता, कारण उमेदवार भारतीय होता. उरलेल्या सहांनी शेरा लिहिला : 'उमेदवाराची आई प्रत्येक परक्या व्यक्तीला नातेवाईक म्हणते. हा स्थानिक रिवाज दिसतो.' आणि पुढं, मत द्यायच्या आधी, तेही लिहिलं जे खरं होतं : या माणसानं स्वतःच्या बहिणीच्या नवऱ्याला सोडलं नाही.

श्रीरंग मोरबाळेला सन्मान मिळाला.

"तू 'गेस्ट' म्हणाली असतीस," वांजिरू म्हणाली, "तर एका अहवालात गेस्ट आणि एकात नातेवाईक. आम्हाला वाटलं असतं, तू काहीतरी लपवलंस. तो गेला असता. म्हातारीचं नशीब चांगलं, की ती दोनदा तेच बोलली."

*

मागच्या वर्षी एका मैत्रिणीच्या मुलाच्या लग्नाला मी कोल्हापूरला गेले होते. परतीच्या बसला वेळ होता. रिक्षावाल्याला तारळगाव म्हटलं.

घर तेच होतं. हौसाबाई एकट्या होत्या, वाकल्या होत्या, पण त्यांनी मला लांबूनच ओळखलं. श्रीरंग चौकशीतून सुटला होता, कामावर परत घेतलं होतं, आणि पुढच्याच महिन्यात गोंदियाला बदली केली होती.

"आता पीतीस का चहा?" त्यांनी विचारलं. त्या मला आता अगं-तुगं करत होत्या.

"पिते."

आतून पातेलं वाजलं. मी बाहेर त्याच खुर्चीत बसले. भिंतीवर सन्मानाचा फोटो नव्हता. मी शोधला. कुठंच नव्हता.

चहा आला, चिक्कार साखर घातलेला. मी विचारलं, "शालनताई येतात का आता?"

"न्हाई."

"इतकी वर्षं झाली तरी?"

"पेपरात आलं की सगळं. फोटोसकट. कारखान्याचं नाव, जावयाचं नाव. परदेशात छापलं म्हणं." त्या उंबऱ्यावर बसल्या. "सील ठोकलेलं निघतंय गं कधीतरी. दंड भरायचा, निघतंय. छापलेलं निघत न्हाई."

मी बशीतला चहा फुंकत होते.

"म्हणून तर मी बोललो हुतो," त्या म्हणाल्या.

"काय बोललात?"

"पाहुण्याच की म्हणून." त्या रस्त्याकडे बघत होत्या. "शिरंगनं कागद वाचून दाखवला हुता. नातं निघालं की नाव कटतंय. मी म्हटलं, नातंच न्हवं? काढू की."

मला बशी खाली ठेवायला जागा सापडेना.

"त्याचं नाव कटावं म्हणून?"

"मला दोन लेकरं हायत," हौसाबाई म्हणाल्या. "नोकरी गेली असती तर शेती हुती त्याला. हितंच राहिला असता. शालनला दुसरं माहेर कुठनं आणू? बक्षीस न्हाई मिळालं तर गावातलं भांडण गावात राहील, चार वर्सांनी थंड हुईल, येईल पोरगी. असा माझा हिशेब."

"श्रीरंगला माहीत होतं?"

"मी बोललो तवाच कळलं त्याला. 'आई' म्हणाला न्हवं का? त्याच्यापुढं त्यावर एक शब्द बोलला न्हाई. आजतागायत न्हाई." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "तुम्ही गेलासा आणि मी वाट बघत बसलो. नाव कटल्याचं काय येईना. मग महिन्यानं ती दुसरी आली. मला वाटलं, तू त्या काळ्या बाईस्नी सांगितलंच न्हाईस. दाबलंस. शहरातली माणसं दाबत्यात. म्हणून परत बोललो."

"आणि त्यामुळंच ते कुणी खरं धरलं नाही," मी म्हणाले. "दोघींशी नातं कसं असेल, म्हणाले. तुम्ही सगळ्यांनाच म्हणता, असं लिहिलं त्यांनी."

हौसाबाईंना हे कुणी सांगितलेलं नव्हतं. एवढी वर्षं.

"सगळ्यांना कशाला म्हणीन?" त्या सावकाश म्हणाल्या. "तुझी आज्जी गोदाक्का. खडकेवाडीची, खालच्या आळीची. हनुवटीवर तीन ठिपके गोंदलेले."

आजीच्या हनुवटीवर तीन ठिपके होते. हे मी त्या घरात कधी बोलले नव्हते. वांजिरूलाही नाही.

"तिची मावसबहीण माझी थोरली जाऊ. गोदाक्का तिच्या बाळंतपणाला हितं येऊन राहिलेली, ह्या घरात. तुझी हनुवटी बघितली आणि वळखलं."

"मग यास्मिन अत्तार?"

"ती कुठली पाहुणी? मिरजेत माझं कोण सुदीक न्हाई."

बसमध्ये मी वांजिरूला सगळं लिहून पाठवलं : नातं होतं, लांबचं, पण लग्नातून जोडलेलं, नियमात बसणारं, आणि मंडळानं शेऱ्यात जे लिहिलं ते चूक आहे. तिचं उत्तर अजून आलेलं नाही. श्रीरंगला मी काहीच कळवलं नाही.

निघताना मी हौसाबाईंच्या पाया पडले. पाहुण्यांत पडतात तशी. त्यांनी माझी हनुवटी बोटांत धरली आणि बराच वेळ सोडली नाही.

"एक खरं बोललो हुतो," त्या म्हणाल्या. "तितंच थांबाय पाहिजे हुतं."